गल्लीची गस्त, शिवाराची राखण आणि पोलीस स्थानकातला कागद

एका पंधरवड्यात दोन घरफोड्या झाल्या की तिसऱ्या रात्री चौकात पंचवीस पोरं काठ्या घेऊन उभी राहतात. आठ दिवसांनी दहा उरतात. पुढच्या आठवड्यात ती दहाही देवळाच्या कट्ट्यावर मोबाइल बघत बसलेली असतात. महिन्याभरात गस्त बंद पडते आणि चोरटे नेमके त्यानंतर येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात याच्या जोडीला आणखी दोन घोळ असतात. चोरी कोणत्या हद्दीत झाली यावर वेळ जातो. आणि फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जात असल्याने आपण नेमकी कशावर सही केली, हे पुष्कळांना घरी आल्यावरही कळलेले नसते. म्हणून काठी-टॉर्चच्या खरेदीआधी हद्द आणि ओळख ही दोन कामे उरकून घ्या. गस्तीचा नंबर त्यानंतर.

हद्द कोणाची?

२०१४ पासून बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय आहे. शहराभोवतीची बरीच खेडी त्याच हद्दीत येतात. खानापूर, नंदगड, निपाणी, चिकोडी, सदलगा ही स्थानके मात्र जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. तालुक्याची हद्द आणि पोलीस स्थानकाची हद्द एकच असते असे समजू नका. गावठाण एका स्थानकात आणि नदीकाठचे शिवार दुसऱ्यात, असेही असते. आपल्या गावचे मळे, वीटभट्ट्या, फार्महाऊस, नवे लेआउट कोणाकडे येतात हे दिवसाउजेडी स्थानकात जाऊन विचारा आणि लिहून ठेवा. रेल्वेत किंवा फलाटावर झालेली चोरी रेल्वे पोलिसांकडे जाते.

मग पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर पुढील नंबर लिहा: पोलीस स्थानकाचा लँडलाइन, अधिकाऱ्याचा सरकारी मोबाइल, बीट कॉन्स्टेबलचे (आपल्या भागाला नेमलेल्या पोलिसाचे) नाव व नंबर, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाइनमनचा नंबर आणि हेस्कॉमची तक्रार लाइन १९१२. सीमेला लागून असलेल्या गावांनी पलीकडच्या ठाण्याचा नंबरही घालावा. शिनोळीच्या बाजूला चंदगड, कोगनोळीच्या बाजूला कागल; गडहिंग्लज आणि मुरगूडही जवळ पडतात. अधिकाऱ्याचा सरकारी नंबर बदलीनंतरही तोच राहतो, खासगी नंबर राहत नाही. त्यामुळे ‘साहेबांचा नंबर आहे माझ्याकडे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

११२ हा तातडीचा नंबर कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही. सीमेवरच्या गावात मोबाइल कधी पलीकडच्या टॉवरला चिकटतो आणि फोन दुसऱ्याच राज्याच्या नियंत्रण कक्षात लागू शकतो. म्हणून पहिले वाक्य ठरवून ठेवा: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, जवळची ठळक खूण. ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका, अमुक गाव, मराठी शाळेमागे.’ त्यानंतर काय घडते आहे, किती माणसे आहेत, हत्यार दिसते का, वाहन कोणते आणि कोणत्या दिशेला गेले ते सांगा. ‘लवकर या, चोर आलेत’ एवढे बोलून फोन ठेवला तर पलीकडच्या माणसाला परत फोन करावा लागतो, आणि तोपर्यंत आपला फोन गल्लीतल्या दहाजणांशी बोलण्यात गुंतलेला असतो. एकानेच फोन करायचा आणि त्याने लाइन मोकळी ठेवायची.

गुन्हा नेमका कोणत्या हद्दीत घडला हे कळत नसेल, उदाहरणार्थ कोल्हापूरहून येणाऱ्या बसमध्ये पर्स गेली आणि बेळगावात उतरल्यावर लक्षात आले, तर झिरो एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपासू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती हद्द न पाहता घ्यावी लागते. ‘तिकडे जा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. नंतर तपास योग्य त्या स्थानकाकडे जातो.

बीटचा माणूस

प्रत्येक स्थानकाच्या हद्दीचे बीट पाडलेले असतात आणि प्रत्येक बीटला एक पोलीस नेमलेला असतो. २०२५ मध्ये कर्नाटक पोलिसांनी ‘मने मनेगे पोलीस’ हा उपक्रमही सुरू केला. बीटच्या पोलिसाने घरोघरी जाऊन ओळख करून घ्यावी, हा त्यामागचा हेतू. तो आपल्या गल्लीत येण्याची वाट बघत बसू नका. पंचकमिटी, युवक मंडळ आणि महिला मंडळ यांच्यातून तीन-चार जणांनी स्थानकात जावे. त्यात एक बाई असावी आणि एक उत्तम कन्नड बोलणारा असावा. दहाजणांचा घोळका मोर्चा वाटतो आणि एकटा पुढारी राजकारण वाटते.

जाताना तोंडी गाऱ्हाणे नेऊ नका, एक कागद न्या. गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर बंद पडलेले दिवे, रात्री मोकळी पडणारी बोळे, कायम बंद असणारी घरे, कॅमेऱ्यांच्या जागा. सोबत गेल्या वर्षभरातल्या चोऱ्यांची यादी: तारीख, अंदाजे वेळ, काय गेले, घरात शिरले कुठून. तक्रार न दिलेल्या चोऱ्याही लिहा. ही यादी करताना बहुधा एक गोष्ट लक्षात येते. चोऱ्या गावभर विखुरलेल्या नसतात, दोन-तीन ठिकाणी आणि ठरावीक वेळेला होतात. मग पोलिसांकडे ‘गस्त वाढवा’ असे मोघम न मागता ‘बुधवारच्या बाजारादिवशी दुपारी एक ते चार या बोळात एक फेरी’ असे मागता येते. मोघम मागणीला होकार सहज मिळतो आणि तिथेच ती संपते.

महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची बैठक पुरे. ठरलेला दिवस, ठरलेली जागा, हजेरीची वही. दर बैठकीत मागच्या वेळच्या मागण्यांचे काय झाले हे आधी वाचायचे. बंद दिवे लावून घेणे हे पोलिसांचे काम नव्हे; खेड्यात त्यासाठी पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे), शहरात महापालिकेकडे वेगळा अर्ज द्या आणि त्याची पोच बैठकीत ठेवा. चोऱ्या रोखणारी साधी वस्तू दिवा आहे, आणि त्याच्याच मागे कोणी लागत नाही.

बेळगावचे पोलीस वर्षातून काही वेळा बंदोबस्तात पूर्ण अडकलेले असतात: गणेशोत्सव, शिवजयंतीची मिरवणूक, १ नोव्हेंबर (कर्नाटकाचा स्थापना दिन), आणि सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा. त्या दिवसांत बीटचा माणूसही दुसरीकडे ड्युटीवर असतो. गावाची यात्रा, लग्नसराई आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरे बंद असतात. ही दोन्ही कॅलेंडरे एकावर एक ठेवा. आपली गस्त कधी वाढवायची याचे उत्तर त्यातच मिळते.

जमावबंदीचा आदेश असेल तर स्थानकाला विचारल्याशिवाय चारजणांनीही रात्री फिरू नये. आणि एक स्पष्टच सांगायला हवे: गस्तीच्या गटावर कोणत्याही पक्षाचा, संघटनेचा किंवा सीमाप्रश्नाचा शिक्का बसू देऊ नका. ज्याची त्याची मते ज्याच्या त्याच्यापाशी. गल्लीत कन्नड, उर्दू बोलणारी घरे असतील तर ती गटात पहिल्या दिवसापासून हवीत. फलक लावायचाच तर वर ठळक कन्नड आणि खाली मराठी. नाहीतर चोर बाजूला राहतो आणि फलकाचाच वाद पेटतो.

गस्त लावायची ती टिकेल अशी

बारा महिने गस्त चालवण्याच्या भानगडीत पडू नये. ती टिकत नाही, आणि मोडली की माणसांचा त्यावरचा विश्वासही जातो. सहा ते आठ आठवड्यांची गस्त लावा, थांबवा, मग जोखमीच्या दिवसांत पुन्हा लावा.

साठ घरांच्या गल्लीतून अठ्ठावीस माणसे मिळाली तर रोज चारजण, म्हणजे प्रत्येकाला आठवड्यातून एकच रात्र येते. याहून जास्त ओझे टाकलेत तर नोकरीवाले आधी गळतात. चारजणांच्या दोन जोड्या करा. पहिली साडेअकरा ते दोन, दुसरी दोन ते साडेचार. दुसरी पाळी जड असते, कारण घरफोड्यांना गाढ झोपेची वेळ हवी असते. म्हणून पाळ्या दर आठवड्याला अदलाबदल करा. एका जोडीत एक तरुण आणि एक पोक्त माणूस ठेवा. दोन तरुण एकत्र आले की धावाधाव होते, दोन म्हातारे एकत्र आले की बैठक होते.

सामान थोडेच लागते: चार टॉर्च, चार शिट्ट्या, चार चमकणारी जाकिटे, एक वही. जाकिटे हौसेसाठी नाहीत. पोलिसांची गाडी अंधारात वळणावर आली तर गस्तवाले कोण आणि बाकीचे कोण हे त्यांना एका नजरेत कळायला हवे. कुत्र्यांसाठी हातात साधी काठी चालेल. कोयता, तलवार, लोखंडी सळी कोणीही आणायची नाही; तसा आणणारा माणूस पहिल्याच रात्री घरी पाठवा. दारू पिऊन आलेल्यालाही तोच नियम. रोजच्या चौघांची नावे संध्याकाळीच बीट कॉन्स्टेबलला मेसेजने कळवा.

फेरीचा रस्ता आणि वेळ रोज बदला. तासाच्या ठोक्याला निघणारी गस्त चोराला सोयीची असते. ती गेली की त्याला पुढची पंचावन्न मिनिटे मोकळी मिळतात. एक फेरी, वीस मिनिटे अंधारात गप्प उभे राहणे, पुन्हा उलट्या दिशेने फेरी, असे करा. उभे राहण्याचे काम फिरण्याहून जास्त उपयोगी आहे, कारण आवाज तेव्हाच ऐकू येतो: कडी वाजल्याचा, कौल सरकल्याचा, बंद इंजिनाची गाडी ढकलत नेल्याचा. एक लांब शिट्टी म्हणजे ‘इकडे या’, तीन छोट्या म्हणजे ‘सगळे दिवे लावा’. दिवे लागले की चोर पळतो. पळू द्या. कोणत्या दिशेने गेला, अंगावर काय होते, गाडीचा नंबर काय, एवढे पाहिले तर गस्तीचे काम झाले.

वहीत मोजकेच लिहा: वेळ, जागा, काय दिसले. ‘संशयास्पद इसम’ असे लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘१.४०, दोन माणसे, काळी मोटरसायकल, पुढचा नंबर झाकलेला, तलावाकडून आली, बंद घरासमोर दोनदा थांबली’ हे लिहा.

व्हॉट्सअॅपचे दोन गट ठेवा. एकात फक्त गस्तवाले, बीट कॉन्स्टेबल आणि पंच. दुसऱ्यात सगळी गल्ली, पण तिथे मेसेज टाकण्याचा हक्क दोघा-तिघांनाच. चौकशी झाल्याशिवाय कोणाचाही फोटो ‘हा चोर’ म्हणून पुढे पाठवायचा नाही. २०१८ साली मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलैला भिक्षेकरी समाजातील पाचजणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात आपल्याच राज्यात बिदर जिल्ह्यात एका तरुण अभियंत्याचा तसाच जीव गेला. दोन्हीकडचे बळी निरपराध होते.

अनोळखी माणूस सापडला तर

विचारपूस मोठ्या उजेडात, घराच्या दारापासून दूर, दोघांनीच करायची. नाव, गाव, कोणाकडे आला, त्या माणसाला फोन लावता येतो का. भाषा कळली नाही म्हणजे तो चोर ठरत नाही. ऊसतोड टोळ्या मराठवाड्यातून येतात, बांधकामावर बिहार-ओडिशाची माणसे असतात, शेळ्या-मेंढ्यांचे कळप घेऊन धनगर वाटेत मुक्काम करतात, गोसावी आणि नंदीबैलवाले गावोगाव फिरतात. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गावगप्पांतून मात्र तो अजून पुरता गेलेला नाही. गस्तीच्या वहीत कोणाची जात लिहायची नाही.

आपल्या डोळ्यांसमोर चोरी करताना सापडलेल्या माणसाला पकडण्याचा अधिकार सामान्य नागरिकालाही आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० त्यासाठीच आहे. पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, तो आपल्यासमोर घडलेला हवा, आणि विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करायला हवे. नुसत्या संशयावरून खोलीत कोंडून ठेवणे हा उलट आपल्यावरचा गुन्हा होतो. पकडल्यावर लगेच ११२ ला फोन करा, वेळ वहीत लिहा, त्याला बसवा, पाणी द्या. त्याच्या पिशवीत हात घालू नका. आतला माल पोलिसांसमोर निघाला तरच पंचनाम्यात त्याची किंमत राहते. मारहाण झाली तर खटला मारणाऱ्यांवरही उभा राहतो. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून खून केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार शिक्षा जन्मठेप किंवा फाशीची आहे.

घर आणि कुलूप

‘कुलूप तोडले’ असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तुटतो तो कोयंडा. चांगले जाड कुलूप चार आखूड स्क्रूंवर बसवलेल्या कोयंड्यात अडकवलेले असते. पहार घालून पिळले की स्क्रूसकट सगळे बाहेर येते. कोयंडा आरपार बोल्टने बसवा, नट आतून. दाराच्या जाडीत बसणारे आतले कुलूप असेल तर घर बंद आहे हे बाहेरून दिसतच नाही, हा त्याचा खरा फायदा. पुढच्या दारावर सगळा खर्च करून परसदाराला जुनी कडी ठेवणे ही नेहमीची चूक. खानापूर भागात कौलारू घरांत वरून कौले काढून उतरतात. तिथे कौलांखाली लोखंडी जाळी किंवा निदान तुळईतून सळ्या हव्यात.

दिवसा जळणारा व्हरांड्यातला दिवा, अंगणात साचलेले पेपर, न सारवलेले किंवा रांगोळीशिवायचे दार यातून घर बंद असल्याचे कळते. गावी जाताना शेजाऱ्याला पेपर उचलायला आणि संध्याकाळी दिवा लावायला सांगा. जाण्याच्या तारखा बीट कॉन्स्टेबलला कळवा. यात्रेचे फोटो परत आल्यावरच टाका.

सोन्याची यादी आजच करा. प्रत्येक दागिन्याचा पट्टीशेजारी ठेवून फोटो, वजन, सोनाराची पावती. जुलै २०२१ पासूनच्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो, तो भिंगातून बघून लिहून ठेवा. चोरी सापडल्यावर ‘ही माझीच बोरमाळ’ हे सिद्ध करताना हाच आकडा कामी येतो. कपाटाची किल्ली कपाटावर ठेवायची नाही. चोर प्रथम तिथेच हात घालतो.

भाडेकरू ठेवताना ओळखपत्राची प्रत, फोटो, मूळ गावचा पत्ता, दोन नातेवाइकांचे फोन आणि गाडीचा नंबर घ्या, आणि त्याची एक प्रत स्थानकात देऊन पोच घ्या.

कॅमेरे

गल्लीने वर्गणी काढून आठ कॅमेरे लावले, चोरी झाली, बघायला गेले तर चित्रात पांढरा धूर. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, त्यावर कोळी जाळे विणतो आणि जाळ्यावरून उलटलेला उजेड सगळे चित्र खाऊन टाकतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काच पुसायला हवी, आणि हे काम कोणाचे ते नावानिशी ठरलेले हवे.

आठ साध्या कॅमेऱ्यांपेक्षा योग्य जागी चार बरे. गल्लीत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची तोंडे पकडा. गल्लीचे विस्तीर्ण दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. उंची दहा ते बारा फूट. त्याहून वर गेलात तर टोप्या आणि डोकीच दिसतात, खाली आलात तर हात पोचतो. रात्री गाडीचा नंबर वाचायचा तर त्यासाठी एक वेगळा, अरुंद कोनाचा कॅमेरा लागतो. हेडलाइटच्या झोतात साध्या कॅमेऱ्याला नंबर पांढरा दिसतो. कोणाच्या दारात, खिडकीत, न्हाणीघराकडे कॅमेरा रोखलेला नको. हेस्कॉमच्या खांबावर परस्पर काही बसवू नका.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन एमबीपीएसने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २२ जीबी लागतात. चार कॅमेरे म्हणजे दिवसाला ८६-८७ जीबी. दोन टीबीची डिस्क तेवीस दिवसांत भरते आणि जुने पुसत जाते. महिनाभराचे हवे तर चार टीबी घ्या. कुटुंब मे महिन्यात गावी जाऊन चार आठवड्यांनी परतते, तेव्हा तेवीस आणि तीस दिवसांतला फरक कळतो. रेकॉर्डर कुलूपबंद, नजरेआड जागी हवा. चोर जाताना तोही उचलून नेतात. वीज गेल्यावर किमान चार तास चालेल एवढा बॅटरी-बॅकअप ठेवा. घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी जुळवा. घड्याळ सतरा मिनिटे पुढे असेल तर आरोपीचा वकील त्याच सतरा मिनिटांवर उभा राहतो.

चोरी झाली की संबंधित भाग ताबडतोब वेगळा कॉपी करा, मूळ डिस्कला हात लावू नका. टीव्हीच्या पडद्यावरून मोबाइलने काढलेला व्हिडिओ शोधाला उपयोगी, पुराव्याला नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचा हॅश (फाइलवरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा) नोंदवायचा असतो. म्हणून कॅमेऱ्यांचा ताबा कोणाकडे आहे हे मंडळाच्या ठरावात एका माणसाच्या नावाने लिहिलेले असावे.

शिवार

मळ्यातल्या चोऱ्यांची दखल कमी घेतली जाते, आणि याला शेतकऱ्याचा कंटाळाही कारणीभूत आहे. दूधगंगा, वेदगंगा, मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभेच्या काठी मोटारींच्या केबली कापून नेतात. आतले तांबे विकायचे असते, म्हणून वरचे प्लास्टिक उसाच्या बांधावर किंवा नदीपात्रात जाळतात. रात्री शिवारात प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर तो फोन करण्याजोगा आहे. थ्री-फेज नसते त्या तासांत हे काम होते, तेव्हा राखणीची फेरी त्या वेळेला हवी. अवेळी एकाच ट्रान्सफॉर्मरवरची वीज गेली तर लोडशेडिंग म्हणून गप्प न बसता लाइनमनला विचारा. तेल किंवा तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर उघडलेला असू शकतो.

केबलीवर दर दहा फुटांवर आपल्या ठरलेल्या रंगाचा पट्टा मारा, मोटारीवर व स्टार्टरच्या पेटीवर पंचने नावाची अक्षरे ठोका, बिले जपून ठेवा. भंगारवाल्यांना बीट कॉन्स्टेबलसोबत जाऊन हे पट्टे दाखवा. चोरीचा माल जाणून घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक असते, नुसती आठवण पुरते.

एक कायदेशीर खोच ध्यानात असू द्या. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल तर साधी चोरी आता अदखलपात्र धरली जाते, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ‘दोन-तीन हजारांची वायर गेली’ असे सवयीने सांगू नका. आजच्या दराने केबल, स्टार्टर, फ्यूज, पाइप यांची खरी किंमत काढून लिहा. तोडफोड झाली असेल तर तीही लिहा. फुगवूनही सांगू नका. बिलाशी मेळ बसला नाही तर पुढे तुमचीच साक्ष पातळ होते. एका रात्रीत पाचजणांच्या केबली गेल्या असतील तर पाचहीजणांनी एकत्र जावे.

चोरी झाल्यावर

आत जाऊ नका. जमलेल्या गर्दीने उंबऱ्यावरचे ठसे आणि श्वानपथकाला लागणारा वास दोन्ही घालवलेले असतात. कपाट ‘बघून’ लावून ठेवणारी मावशी हमखास असते, तिला बाहेर थांबवा. वाट फक्त एक ठेवा आणि दोरी बांधा.

फिर्याद आधी घरी मराठीत लिहून काढा: केव्हा घर बंद केले, केव्हा कळले, कोणी प्रथम पाहिले, काय गेले, वजन, किंमत, कोणावर संशय असल्यास कशामुळे. मग कन्नड जाणणाऱ्याकडून ती कन्नडमध्ये करून घ्या आणि दोन्ही प्रती सोबत न्या. तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेतल्यावर ती फिर्याददाराला वाचून दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. वाचून घ्या, अर्थ विचारून घ्या, तारखा आणि वजने बोट ठेवून तपासा, मगच सही करा. राहिलेली वस्तू नंतर आठवली तर पुरवणी जबाब देता येतो, पण बारा तोळे पहिल्या दिवशी चार लिहिले गेले तर तो फरक शेवटपर्यंत छळतो. एफआयआरची प्रत फिर्याददाराला मोफत मिळते. नुसता अर्ज दिला असेल तर शिक्का-तारखेची पोच घ्या, आणि स्थानकाने त्यावर काय केले त्याचे लेखी उत्तर, ज्याला इथे ‘हिंबरह’ म्हणतात, ते मागा. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

नोंद घेतलीच नाही तर स्थानकात भांडून रात्र घालवू नका. तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तालयाला, स्पीड पोस्टाने पाठवा. तरीही हालचाल नसेल तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्याददाराला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. त्या तारखेला कॅलेंडरवर खूण करा आणि एफआयआर क्रमांक घेऊन जा.

मोबाइल गेला तर तक्रारीसोबत आयएमईआय नंबर (मोबाइल संचाचा ओळख क्रमांक) द्या आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करा. हा नंबर खोक्यावर असतो, म्हणून खोके टाकू नका. ऑनलाइन पैसे गेले तर मात्र स्थानकाच्या पायऱ्या चढण्याआधी १९३० ला फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि पहिल्या काही तासांतच ते गोठवता येतात. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा, मग राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार आणि त्यानंतर सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्ह्यांचे) स्थानक. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारा पोलीस कोणत्याच राज्यात नसतो, हे घरातल्या निवृत्त माणसांना आधीच सांगून ठेवा.

चोर सापडला आणि सोने जप्त झाले तरी ते स्थानकातून परत हातात मिळत नाही. न्यायालयात ताब्यासाठी अर्ज करावा लागतो. तिथे पावती, फोटो, एचयूआयडी आणि एफआयआरमधले वर्णन एकमेकांशी जुळवून बघतात. ताबा मिळतो तो बहुधा बंधपत्रावर. म्हणून खटला संपेपर्यंत तो दागिना मोडायचा नाही, आटवायचा नाही, लेकीच्या लग्नात नवा घाट घालायचा नाही. न्यायालयाने मागितला तर तो जसाच्या तसा समोर ठेवावा लागतो.